तिन्ही मशीनींचं एकच माप

कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या मशीनीला आमच्याकडे रेचा म्हणतात. जळगाव जामोदच्या एका जिनिंगमध्ये मी चाळीस वर्षं रेच्यांचा फिटर होतो. शाळा म्हणाल तर चौथी, तीही अर्धीच. पण ओळीनं चाललेल्या रेच्यांमधून कोणाचा रूळ तापला, कोणाची पट्टी जास्त दाबून बसली, हे मी दारातून नुसत्या आवाजावर सांगायचो. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी आलेले रेचेसुद्धा सारखे नसतात. एकाला पट्टी जरा ढिली लागते, दुसऱ्याला कसून. सगळ्यांना एकच माप लावणारा फिटर नव्हे, तो हमाल, असं मी नव्या माणसांना तोंडावर सांगत आलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते याच अकलेनं झालं.

मला एकच मुलगी. पुण्यात कॉम्प्युटरच्या कामाला होती. दहा-बारा वर्षं तिकडे काढली आणि एका उन्हाळ्यात बॅगा घेऊन परत आली. म्हणाली, "मले इथंच राह्यचं आहे." तिच्या आईचे गुडघे दुखतात हे कारण तिनं लोकांना सांगितलं. मला वाटतं खरं कारण तेवढंच नव्हतं. तिला सातपुड्याच्या बाजूची मोकळी हवा आवडायची, गच्चीवर सांडगे वाळत घालायला आवडायचं. ती माझ्यासारखीच हट्टी. गावात तिच्या कामाची जागा एकच होती. गावाबाहेरच्या कॉलेजनं कॉम्प्युटरच्या तीन मोठ्या मशीनी, म्हणजे सर्व्हर, घेतल्या होत्या, त्या सांभाळायला माणूस पाहिजे होता. ती जागा तिला मिळाली. पहिल्याच दिवशी तिनं मला सांगितलं होतं, "बाबा, हे गेलं तं मले इथं दुसरं काहीच नाही. मंग पुन्हा बॅग भरा लागन."

त्या मशीनींच्या खोलीतले एसी, बॅटऱ्या आणि बाहेरचं जनरेटर बघायला कॉलेजला कोणी भरवशाचा पाहिजे होता. मी रिकामाच होतो, गेलो. पारावर लोकांना चघळायला मिळालं.

"काय बे फिटर, आता पोरीच्या हाताखाली?"

"मी मशीनीच्या हाताखाली आहे," मी म्हणायचो, "कोनाच्या बापाच्या नाही."

तिनं मला ते काम पहिल्यांदा समजावलं ते घरी, जेवताना.

"बाबा, ते एक मोठं मशीन दिसते ना, त्याच्या पोटात दहा-बारा मशीनी आहेत. त्याईले अंग नाही."

"अंग नाही तं तेल कुठं घालतं?"

"ऐका तं आधी! त्यातल्या प्रत्येकीले बाहेर बोलाले एक नेटवर्क कार्ड लागते. तेही खरं नाही, व्हर्च्युअल. त्याची सेटिंग मोठ्या मशीनीत करून ठेवा लागते. कोणत्या रस्त्यानं जायचं, रस्त्याचा नंबर काय, एका खेपेत किती माल न्यायचा."

"बरं."

"अन् हे तिन्ही मोठ्या मशीनीत तंतोतंत सारखं पाहिजे. काऊन? तं एकीवर लोड झाला का पोटातली मशीन उचलून दुसरीत नेता येते. चालता चालता. लोकाईले पत्ताही लागत नाही. पण तिथं सेटिंग वेगळी निघाली तं बिचारी मुकी होते."

माझी बायको वरण वाढत होती. ती म्हणाली, "म्हणजे पोरगी सासरी गेली अन् तिथं नळच नाही, असं."

मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला. "मायले समजलं. फिटरसाहेबाले समजलं का?"

"समजलं," मी म्हणालो. "पण सारखं कायले? प्रत्येक मशीनीचा सोभाव वेगळा असते. चाळीस वर्षं..."

"इथं सोभाव नाही बाबा. इथं सोभाव आला का घात झाला."

मी मान हलवली, पण मनातून मला ते पटलं नाही. मशीन आहे आणि तिला स्वभाव नाही, हे मी कसं मानावं?

तिन्हींची सेटिंग सारखी आहे का हे आपोआप ताडून बघणारा प्रोग्राम ती लिहिणार होती. मीच आडवा आलो. मी असताना प्रोग्राम कशाला, मी बघतो, असं म्हणालो. ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिनं माझ्यासाठी एक वही आखली. तीन मशीनींचे तीन रकाने. रस्त्याचं नाव, नंबर, खेपेचं माप, कोणती केबल आधी आणि ती तुटली तर कोणती, अशा आडव्या ओळी. इंग्रजी अक्षरं मला वाचता येत नाहीत, म्हणून तिनं ती चित्रासारखी मोठी काढून दिली. आकडे मला येतात. दर शनिवारी मी खुर्चीवर बसून पडद्यावरची एकेक ओळ बोट ठेवून वहीशी जुळवायचो आणि बरोबरची खूण करायचो. शिकलेले मास्तर दारातून वाकून बघायचे. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडायचं. जिनिंगमधून घरी बसल्यापासून मला कोणी कामाचं म्हणून बघितलं नव्हतं.

खेपेचं माप तिन्हीकडे नऊ हजार होतं. त्याबद्दल तिनं मला वेगळं बजावलं होतं. "एकीकडं नऊ हजार अन् दुसरीकडं पंधराशे झालं, तं लहान निरोप जाते, मोठा अडकते. अन् अडकला हे कोणी सांगत नाही. नुसतं गोल गोल फिरत राह्यते." हे मी ऐकलं होतं. ऐकलंच नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

पावसाळा संपता संपता ती तीन दिवस कसल्याशा ट्रेनिंगला पुण्याला गेली. जाताना तिच्या नावानं, तिच्या पासवर्डनं मशीनीत शिरायचं कसं ते मला दाखवून गेली, कारण शनिवार मध्ये येत होता.

"फक्त पाहा बाबा. हात लावू नका."

"मी काय लेकरू आहे?"

"लेकरू असते तं सांगतलं नसतं," असं म्हणून हसत हसत रिक्षात बसली.

शनिवारी खोलीचं दार उघडलं तोच मला आवाज लागला. मधल्या मशीनीचा पंखा घुमत होता. कोणी म्हणेल पंखा आहे, घुमणारच. पण मला कळतं. रेचा तापायच्या आधी असाच आवाज बदलतो. मी एसीची जाळी काढून धुतली, बसवली. पंखा तसाच. मग मी वही घेऊन बसलो, आणि मधल्या मशीनीच्या ओळीत ते नऊ हजार दिसलं. ती मशीन बाकीच्या दोघींपेक्षा जुनी. माझ्या मनानं घेतलं की एवढी मोठी खेप तिला झेपत नाही. तापलेल्या रेच्याचा दाब कमी करतात, जुन्या बैलाला ओझं कमी घालतात, यात शिकायचं काय आहे? पंधराशे हा आकडा मी तिच्याच तोंडून ऐकला होता. तो मी घातला. एक एक आकडा बोटानं शोधून, चष्मा पुसून.

थोड्या वेळानं पंखा शांत झाला. आज मला ठाऊक आहे की तो जाळी धुतल्यामुळं शांत झाला. तेव्हा मात्र मी एकटाच त्या खोलीत छाती काढून बसलो होतो.

मग वही. त्या ओळीपुढं काय लिहावं? वहीत बरोबरची खूण सोडून दुसरी खूणच नव्हती. मी तीच केली. मनात ठरवलं होतं की पोरगी येईल, मधली मशीन शांत झालेली तिच्या ध्यानात येईल, ती विचारेल, बाबा, काय केलं? तेव्हा सांगू. ती आली. तिच्या काही ध्यानात आलं नाही. मला त्याचा रागच आला. एवढं काम केलं आणि हिला दिसतही नाही? मग मीही सांगितलं नाही, पुढच्या शनिवारीही तीच खूण केली. आठ दिवस काही झालं नाही, आणि माझी खात्री पटत गेली की माझंच बरोबर होतं.

त्यानंतर परीक्षेचे फॉर्म भरायचा आठवडा आला. पोरापोरींनी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर फॉर्म भरायचा, फोटो लावायचा, आणि कॉलेजनं ते सगळं विद्यापीठाला पाठवायचं, असं होतं. फॉर्म घेणारी मशीन आणि फोटो ठेवणारी मशीन, दोन्ही बिनअंगाच्या, तोवर एकाच मोठ्या मशीनीत राहत होत्या. गर्दी होणार म्हणून मुलीनं त्यातली एक उचलून मधल्या मशीनीत नेली. शेवटचे दोन दिवस उरले होते.

नाव जायचं, गाव जायचं, विषय जायचे. फोटो जात नव्हता. पडद्यावर नुसतं चाक फिरत राहायचं.

मुलगी खुर्चीवरून उठली नाही. केबली बदलून बघितल्या, फोटोची मशीन बंद करून चालू केली, बाहेरच्या इंटरनेटवाल्यांना फोन केले. सगळीकडून एकच उत्तर, आमच्याकडं ठीक आहे. पहिल्या दिवशी दुपारी तिनं मान वर करून मला विचारलं. खोलीत दोन मास्तर आणि एक क्लार्क उभे होते.

"बाबा, शनवारी तुमी पाह्यलं होतं ना? तिन्ही सारखं होतं?"

माझ्या मनात पंधराशे आलं नाही असं नाही. आलं. पण पंखा तर शांत होता, मशीन तर थंड होती, मग चूक माझी कशी असेल? आणि त्या तिघांसमोर मी काय सांगायचं, की तू नको म्हणाली होतीस तरी मी हात घातला?

"हाव," मी म्हणालो. "वहीत खुणा आहेत."

तिनं वही उघडून बघितली आणि बाजूला ठेवली. मग त्या बाजूला तिनं बघितलंच नाही. माझ्या खुणांवर तिचा एवढा भरवसा होता. पुढचा अख्खा दिवस ती बाकी सगळीकडे शोधत राहिली आणि मी तिला चहा नेऊन देत राहिलो.

बाहेर पायरीवर पोरी बसल्या होत्या. डोंगराच्या पायथ्याच्या गावातली एक पोरगी बापासोबत आली होती, तो गडी दर तासाला मला विचारायचा, "दादा, फोटो गेला का?" मी म्हणायचो, "जाईन, जाईन."

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर मुलीनं जो प्रोग्राम मी लिहू दिला नव्हता तो तिथंच बसून लिहिला आणि चालवला. पडद्यावर एकच ओळ लाल झाली. तिनं नऊ हजार परत घातलं. दोन मिनिटांत फोटो जायला लागले, बाहेर पोरींनी टाळ्या वाजवल्या. पण विद्यापीठानं पाचला घेणं बंद केलं होतं, आणि भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच होऊन गेले होते. ज्यांचे फोटो त्या दोन दिवसांत अडकले त्यांची परीक्षा त्या खेपेला हुकली. तो गडी पोरीला घेऊन बस स्टँडकडे गेला. जाताना त्यानं मला रामराम केला. तो रामराम मला लागला.

मुलगी मात्र अजून पडद्याकडेच बघत होती. तिनं काहीतरी उघडून वाचलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि पडदा बंद केला.

दोन दिवसांनी संस्थेच्या सचिवसाहेबांनी सगळ्यांना बोलावलं. प्राचार्य, मास्तर लोक, क्लार्क, आणि दाराजवळच्या खुर्चीवर मी.

"हे बदललं कोणी?" साहेबांनी विचारलं.

मुलगी म्हणाली, "बदल माझ्या नावानं झालेला आहे, सर." तिथं ती पुस्तकातलं मराठी बोलायची.

"तुमच्या नावानं म्हणजे तुम्हीच ना?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या कपबशीकडे बघितलं.

"दुसऱ्या कोणाकडे पासवर्ड होता का?"

तिनं पुन्हा एकदा बघितलं. या खेपेला मी नजर वर केली होती, आमची नजरानजर झाली. माझ्या घशापर्यंत आलं होतं. पण समोर ते मास्तर, जे दारातून वाकून मला बघायचे. एवढा फिटर, आणि एक आकडा त्याला कळला नाही, असं ते पुढं चार वर्षं सांगतील. मी खोकलो. नुसता खोकलो.

"जबाबदारी माझी आहे, सर," ती म्हणाली.

तिला काम सोडायला महिनाभराची मुदत दिली. मला कोणी काही म्हणालं नाही, उलट प्राचार्य बाहेर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वाईट झालं बाबा." तो हात मी खांद्यावर ठेवू दिला.

त्या महिन्यात ती माझ्याशी एकही वाकडा शब्द बोलली नाही. भाजी काय आणू, गोळी घेतली का, एवढं विचारायची. एका सकाळी ती नांदुऱ्याच्या बसमध्ये बसली, तिथून रेल्वेनं पुण्याला. बायको खिडकीपाशी उभी राहून रडली. मी बॅग वर ठेवून खाली उतरलो. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा मुलगी म्हणाली, "मायले गच्चीवर चढू देऊ नका." हे ती मलाच म्हणाली, पण बघत होती आईकडे.

दिवाळीला ती आली नाही. सुट्टी नाही म्हणाली. दिवाळीच्या पाडव्याला बायकोनं ओवाळायला ताट घेतलं तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. मी तिला सगळं सांगितलं, पंखा, पंधराशे, खोकला. ताट तिच्या हातातच राहिलं.

"अन् तुमी गप बसले?"

"हाव."

"पोरीपरीस तुमाले तुमची फिटरकी मोठी झाली." एवढं म्हणून तिनं दिवा बाजूला ठेवला आणि तशीच आत गेली. मला ओवाळलं नाही. बरोबर केलं.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी सचिवसाहेबांकडे गेलो. खुर्चीवर बसलो नाही, उभ्यानंच सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "फिटर, ते काम आता बाहेरच्या लोकांना दिलं आहे. ते तिकडूनच बघतात, इथं माणूस लागत नाही."

"पण तिची चूक नव्हती."

"तुम्ही तेव्हा बोलला असता तर मी तुम्हाला काढलं असतं, तिला नाही. आता कोणाला काढू?"

मी घरी आलो. दुपारची वेळ होती, बायको ओसरीत तूर पाखडत होती. मी तिच्याच फोनवरून मुलीला लावला, कारण माझ्या नंबरवर ती लवकर उचलत नाही.

"बोल वं माय."

"माय नाही. मी आहे."

"हं. गोळी घेतली का?"

"घेतली. ऐक. ते पंधराशे मी केलं होतं. साहेबाले सांगून आलो आज."

पलीकडे कोणाच्या तरी हसण्याचा आवाज आला, मग दार लागल्याचा. ती बाहेर आली असावी.

"मले माहीत आहे, बाबा. मशीनीत लिहून राह्यते कोणत्या दिवशी, किती वाजता काय बदललं. त्या शनवारी मी पुण्यात होती."

"मंग तू काऊन नाही बोलली?"

"मी बोलाची?"

मग तिचा आवाज मऊ झाला. लहानपणी माझ्या बोटाला लागलं की ती फुंकर मारायची, तसा.

"जाऊ द्या बाबा. मले तेव्हा लय राग आला होता. मंग मी इचार केला, तुमाले समजलंच नसन. आकडा बदलला, आठ दिवसानं दुसरीकडं फोटो अडकले, याचा त्याच्याशी संबंध तुमाले कसा लागन? साहेबानं इचारलं तवा तुमाले ठाऊकच नसन का हे आपल्याच हातानं झालं. तसंच असन. आता कोणी येऊन सांगतलं म्हणून समजलं, नाही का?"

ती वाट बघत होती. मी नुसतं हाव म्हणायचं होतं. एक हाव, जो त्या दिवशी मी सगळ्यांसमोर सहज म्हटला होता. मला समजलं नव्हतं पोरी, मी अडाणी माणूस, एवढं म्हटलं असतं तर माझी मुलगी मला परत मिळाली असती.

"नाही," मी म्हणालो. "मले समजलं होतं. तू इचारलं त्या घडीलेच समजलं होतं. अन् साहेबासमोर तू दोनदा पाह्यलं, तेही मी पाह्यलं."

हे मी खरं बोलायचं म्हणून बोललो, की मला मशीनीतलं समजत नाही असं माझ्या पोरीनंसुद्धा म्हणू नये म्हणून बोललो, ते मला आजपर्यंत सांगता आलेलं नाही. खूप विचार केला.

पलीकडे ते दार पुन्हा उघडल्याचा आवाज आला.

"बरं," ती म्हणाली. "मायजवळ द्या."

मी फोन बायकोच्या हातात दिला. तिनं सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि विचारलं, "जेवली का वं?" तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. मी तिथंच उभा होतो, आणि बायकोनं फोन दुसऱ्या कानाला लावून माझ्याकडे पाठ केली.